प्राध्यापकांच्या हातचा कारभार : नेपरव्हिलच्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजचा इतिहास

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिण्याची एक रुळलेली रीत आहे. आधी संस्थापकांचे फोटो, मग अध्यक्षांची यादी, मग कोनशिला आणि उद्घाटने. नॉर्थ सेंट्रल कॉलेजचा इतिहास या साच्यात सहज बसतो. १८६१ ते १८८३ ऑगस्टीन स्मिथ, १९१६ ते १९४६ एडवर्ड एव्हरेट रॉल, १९७५ ते १९९० गेल स्विंग, पुढे २०१२पर्यंत हॅरल्ड वाइल्ड. अध्यक्षांनी दीर्घकाळ ठाण मांडून बसावे, ही या कॉलेजची परंपराच म्हणावी लागेल. पण ही यादी वाचून कॉलेज दीडशेहून अधिक वर्षे कसे टिकले हे काही कळत नाही. अध्यक्ष देणग्या आणतो आणि इमारती उभारतो. त्या इमारतींत काय शिकवायचे, कोणाला नेमायचे, कोणाला कायम करायचे, पदवीला किती विषय लागतील, हे रोजचे निर्णय दुसरीच माणसे घेत असतात. त्यांची नावे कोनशिलेवर येत नाहीत. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच : कॉलेजचा जीव प्राध्यापकांनी वाहिलेल्या कारभारात असतो, आणि हा कारभार अर्धाच त्यांच्या हाती ठेवला की तो अर्धाही निसटू लागतो. नेपरव्हिलमध्ये याचा पुरावा दोन ठिकाणी आहे. एक खुद्द नॉर्थ सेंट्रलच्या वाटचालीत आणि दुसरा २०१७ मध्ये या कॉलेजच्या पदराखाली आलेल्या शायमर नावाच्या चिमुकल्या संस्थेत.

कॉलेज मुळात नेपरव्हिलचे नाही. इव्हॅंजेलिकल असोसिएशन या प्रामुख्याने जर्मन शेतकऱ्यांच्या पंथाने ते १८६१ मध्ये प्लेनफील्ड गावात सुरू केले, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले होते. १८६४ मध्ये नाव बदलून नॉर्थवेस्टर्न कॉलेज झाले आणि १८७० मध्ये बिऱ्हाड नेपरव्हिलला आले. नेपरव्हिलला तेव्हा अशा एखाद्या संस्थेची गरजच होती. रेल्वे १८६४ मध्येच गावात पोचली होती, पण ड्यूपेज काउंटीचे मुख्य ठाणे १८६७च्या मतदानानंतर व्हीटनकडे गेले. कचेरीची दप्तरे कोणाकडे राहायची यावरून दोन गावांत हातघाईपर्यंत मजल गेली होती. कोर्ट गेलेल्या गावाने कॉलेजसाठी जमीन आणि वर्गणी पुढे केली आणि ओल्ड मेन ही आजही उभी असलेली दगडी इमारत बांधली गेली. इव्हॅन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशी नावाचा घोळ मात्र पन्नासहून अधिक वर्षे चालला. तो मिटवून 'नॉर्थ सेंट्रल' हे नाव घ्यायला १९२६ साल उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकातल्या अशा पांथिक कॉलेजांत अध्यापन आणि प्रशासन यांच्यामध्ये भिंत नव्हती, कारण भिंत घालायला माणसेच नव्हती. अध्यक्ष स्वतः वर्ग घेई, ग्रीकचा प्राध्यापक ग्रंथालय पाही, गणिताचा प्राध्यापक प्रवेशाचे रजिस्टर सांभाळी. विभाग म्हणजे बहुधा एकच माणूस, आणि तोच विभागप्रमुख. नेपरव्हिलमधले यातले सर्वांत ठळक नाव जेम्स एल. निकल्स यांचे. कॉलेजच्या वाणिज्य विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. व्यवहाराचे शिक्षण देणारे त्यांचे 'द बिझनेस गाइड' हे पुस्तक अमाप खपले, त्यातून प्रकाशनसंस्था उभी राहिली, आणि १८९५ मध्ये वारताना त्यांनी गावाला ग्रंथालयासाठी दहा हजार डॉलर ठेवले. त्या पैशातून १८९८ मध्ये निकल्स लायब्ररी उघडली. आज नेपरव्हिलमध्ये राहणारी मराठी कुटुंबे मुलांना घेऊन ज्या निकल्स लायब्ररीत जातात, तिचे नाव एका विभागप्रमुखाचे आहे हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

निकल्स यांची ही बाहेरची कमाई पुण्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहावी. डेक्कन एज्युकेशन सोसायटी २४ ऑक्टोबर १८८४ रोजी स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. शिकवणाऱ्यांनीच संस्था चालवायची, हे तिच्या घटनेचे मर्म होते. आजीव सभासदाने वीस वर्षे द्यायची, महिना पंच्याहत्तर रुपयांवर भागवायचे, वर्ग घ्यायचे आणि देणग्यांसाठी वणवणही करायची. विभागप्रमुखाची खुर्ची वेगळी आणि मालकाची वेगळी, असा प्रकारच नव्हता. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, १८९०च्या डिसेंबरात टिळक बाहेर पडले. त्या भांडणाला अनेक पदर होते, पण गाभ्यात प्रश्न वेळेचा होता. आजीव सभासदाने बाहेर मिळवलेला पैसा कोणाचा, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तर त्यांचे तास कोणाचे? टिळकांचे म्हणणे होते की सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा आहे, म्हणून बाहेरची मिळकतही संस्थेची. हे म्हणणे बहुमताला पटले नाही. टिळक गेले तरी संस्था मोडली नाही. आपटे, मग आगरकर, पुढे १९०२पासून रँग्लर परांजपे अशी प्राचार्यांची परंपरा आजीव सभासदांमधूनच चालली. धोंडो केशव कर्वे गणित शिकवता शिकवताच १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढू शकले, ते बाहेरच्या कामाला मोकळीक देणारा पक्ष जिंकला म्हणूनच. टिळकांचा हट्ट ताठर होता, पण प्रश्न त्यांनीच अचूक पकडला होता, हे माझे मत. प्राध्यापकांच्या राज्यात खरे चलन वेळ असते. कोणी किती वेळ कुठे घालायचा हे ठरवण्याची जागा नसेल, तर बाकीचे हक्क कागदावर राहतात.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला गेला. तिथे संस्था विश्वस्तांची असते आणि प्राध्यापक हा कायद्याने नोकर. त्या नोकराने हळूहळू करार करून घेतला. १९१५ मध्ये अमेरिकन विद्यापीठ प्राध्यापक संघटना स्थापन झाली. संघटनेच्या १९४०च्या निवेदनाने कायम नेमणुकीची चौकट आणि तिच्यासाठी जास्तीत जास्त सात वर्षांची परीक्षा मुदत ठरवली. १९६६ मध्ये कारभारावरचे निवेदन आले : अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि अध्यापकांच्या नेमणुका यांत प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांची, पैसा आणि मालमत्ता यांत विश्वस्तांची. नॉर्थ सेंट्रलसारख्या कॉलेजांतले विभाग, समित्या आणि फॅकल्टीच्या सभा याच वाटणीवर उभ्या आहेत. इथला विभागप्रमुख, ज्याला 'चेअर' म्हणतात, तो भारतीय विद्यापीठातल्या जुन्या 'हेड'सारखा साहेब नसतो. बहुतेक छोट्या कॉलेजांत तो सहकाऱ्यांतूनच काही वर्षांसाठी येतो, एखादा वर्ग कमी शिकवतो, थोडा भत्ता घेतो आणि मुदत संपली की पुन्हा सहकाऱ्यांतच बसतो. ज्यांच्या कायम नेमणुकीवर आज शिफारस लिहायची, तेच उद्या त्याचे चेअर होणार असतात. वेळापत्रक, अर्धवेळ शिक्षकांची जुळवाजुळव, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, नव्या नेमणुकीच्या मुलाखती, वार्षिक मूल्यमापन, डीनच्या कार्यालयाकडे जाणारे अहवाल, हे सगळे त्याच्या टेबलावर येते. येत नाही तो पैसा. विभागाला पुढच्या वर्षी जागा मिळणार की नाही, हे वरच्या मजल्यावर ठरते.

ही वाटणी किती नाजूक आहे हे १९८० मध्ये दिसले. येशिव्हा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की तिथले प्राध्यापक अभ्यासक्रम, प्रवेश आणि नेमणुका ठरवतात, म्हणजे ते व्यवस्थापक आहेत, आणि व्यवस्थापकांना कामगार कायद्याखाली संघटनेचे संरक्षण नाही. चार न्यायमूर्तींच्या वतीने ब्रेनन यांनी या तर्काला विरोध केला, आणि तो वाचण्यासारखा आहे. निकालाचा व्यावहारिक अर्थ विचित्र होता. कारभारात वाटा आहे म्हणून संघटनेचा हक्क गेला, आणि त्या वाट्यात तिजोरीची किल्ली नव्हतीच. खासगी कॉलेजांतल्या प्राध्यापकांना मालकाचा शिक्का मिळाला, मालकी नाही. त्यानंतर देशभर अर्धवेळ आणि मुदतबंद शिक्षकांचे प्रमाण वाढत गेले. त्यांना फॅकल्टीच्या सभेत अनेक ठिकाणी मतही नसते. मग समित्यांचे ओझे कायम नेमणुकीच्या उरलेल्यांवर पडते आणि तेच चेअरपद टाळू लागतात. महाराष्ट्रात हा प्रवास दुसऱ्या टोकाने झाला. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची जागा नामनिर्देशनाला मोठ्या प्रमाणात दिली, आणि अभ्यासमंडळावर कोण बसणार याचा निर्णय शिकवणाऱ्यांकडून बराचसा सरकला. कारणे दोन्हीकडे वेगळी आहेत, तरी दोन्हीकडे प्राध्यापक उरतो तो अंमलबजावणी करणारा.

इथे शायमरकडे वळणे भाग आहे. नेपरव्हिलच्या एका कोपऱ्यात आलेल्या या संस्थेने वरची वाटणीच मान्य केली नाही. फ्रान्सेस वुड यांनी १८५३ मध्ये इलिनॉयच्या माउंट कॅरोल गावात शाळा काढली. १८९६ मध्ये ती शिकागो विद्यापीठाशी जोडली गेली, आणि १९५० मध्ये तिने त्याच विद्यापीठातल्या रॉबर्ट हचिन्स यांचा महान ग्रंथांचा अभ्यासक्रम स्वीकारला. पाठ्यपुस्तके नाहीत, मूळ ग्रंथ वाचायचे. व्याख्यान नाही, चर्चा करायची. वर्गात बाराहून अधिक विद्यार्थी नाहीत, आणि सगळे अष्टकोनी टेबलाभोवती. असा अभ्यासक्रम विभागांत वाटता येत नाही, कारण प्लेटो शिकवणाऱ्याला पुढच्या सत्रात न्यूटन शिकवावा लागतो. त्यामुळे शायमरमध्ये विभागप्रमुखाची खुर्चीच जवळजवळ निरर्थक होती. साठच्या दशकात विद्यार्थी पाचशेच्या घरात गेले आणि नेमके तेव्हाच १९६६-६७चे भांडण पेटले. अध्यक्ष आणि अध्यापकांचे गट यांच्यातल्या त्या कलहाला संस्थेच्या इतिहासात 'ग्रोटेस्क इंटरनेसाइन स्ट्रगल' (विद्रूप अंतर्गत संघर्ष) असे नावच पडले, आणि शिक्षकांचा मोठा गट कॉलेज सोडून गेला. प्राध्यापकांच्या स्वराज्याचे भाबडे कौतुक करणाऱ्यांनी हे प्रकरण झाकू नये. शिकलेली माणसे आपसात भांडली की तडजोडीचे शब्द त्यांना सर्वांत आधी परके होतात, हे फर्ग्युसनच्या इतिहासातही दिसतेच.

पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पैसा आटला आणि १९७७ मध्ये विश्वस्तांनी संस्था बंद करण्याचे ठरवले. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी ते मानले नाही. १९७८च्या नाताळच्या सुटीत त्यांनी ट्रक मागून आणले, ग्रंथालय आणि टेबले भरली आणि वॉकेगनला जुन्या घरांत संस्था हलवली. विद्यार्थी शंभरीच्या कितीतरी खाली होते. डॉन मून हे अणु-अभियंते आणि एपिस्कोपल धर्मगुरू. १९६७पासून शिकवणारे मून अध्यक्ष झाले आणि २००४पर्यंत राहिले. या काळात कारभार 'असेंब्ली'कडे आला. शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, प्रत्येकाला एक मत, आणि कामे समित्यांत वाटलेली. हा लोकशाहीचा शोभेचा देखावा नव्हता. संस्थेकडे वेगळे प्रशासन ठेवायला पैसेच नव्हते, त्यामुळे प्रवेशाचे, देखभालीचे, पैसे मागण्याचे काम शिकवणाऱ्यांच्या तासांतून वजा होत होते, आणि ते काम म्हणून मोजले जात होते. माझ्या मते फरक इथे पडतो. नॉर्थ सेंट्रलसारख्या कॉलेजात समितीचे काम 'सेवा' या सदरात जाते आणि बढतीच्या वेळी अध्यापन व संशोधनानंतर तिसऱ्या क्रमांकावर येते. शायमरमध्ये तेच काम पगाराच्या कामाचा गाभा होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे : असेंब्ली होती, तरी शायमर शेवटी वाचले नाही. २००६ मध्ये ते शिकागोत इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात भाड्याने गेले, २०१४ मध्ये एका मासिकाच्या 'सर्वांत वाईट कॉलेजे' यादीत नाव आले, विद्यार्थी शंभरावर टिकेनात आणि २०१७ मध्ये स्वतंत्र अस्तित्व संपले. हे खरे आहे. पण हिशेब कुठून धरायचा? विश्वस्तांच्या हिशेबाने संस्था १९७७ मध्येच संपली होती. त्यानंतरची चाळीस वर्षे अध्यापकांनी मिळवली. आणि संकट आले ते बहुधा पैशाच्या दारातून, म्हणजे ज्या दाराची किल्ली असेंब्लीकडे नव्हती तिथून. २००९ मध्ये नवे अध्यक्ष आले, संचालक मंडळावर नवे सदस्य आले, आणि २०१० मध्ये संस्थेचे उद्दिष्ट बदलणारे निवेदन मंडळाने अगदी थोड्या मतांनी मंजूर केले. असेंब्लीने ते फेटाळले, माजी विद्यार्थी उठले, आणि एप्रिलमध्ये मंडळानेच अध्यक्षांना दूर केले. जिंकलेल्या लढाईनंतर देणगीदार पांगतात, हा त्या विजयाचा खर्च होता. यावरून स्वराज्य चुकीचे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की तिजोरीपर्यंत न पोचलेले स्वराज्य दर पिढीला एकदा गहाण पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे राज्य ऐंशी माणसांच्या घरात चालेल, तीन हजारांच्या घरातल्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात कसे चालणार? तिथे मान्यतेची तपासणी आहे, सरकारी कर्जांचे नियम आहेत, खेळाडूंचे वेळापत्रक आहे, नर्सिंगपासून अभियांत्रिकीपर्यंतचे नवे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक गोष्ट सभेत आणली तर शिकवायचे कधी? यात तथ्य आहे, आणि असेंब्लीची नक्कल करा असे इथे कोणी म्हणत नाही. पण मोठेपणाचे कारण अर्धेच खरे आहे. नॉर्थ सेंट्रलमध्येच त्याचे उलट उदाहरण आहे, आणि तेही खेळाच्या मैदानावर. अॅल केरियस १९६६ मध्ये क्रॉसकंट्रीचे प्रशिक्षक म्हणून आले आणि अर्धशतकाहून अधिक काळ राहिले. या कॉलेजने त्या खेळाची तिसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय अजिंक्यपदे एकोणीस वेळा मिळवली. त्या यशाची चर्चा नेहमी माणसाच्या स्वभावावर थांबते. मला त्यात दिसते ते हे की मोठ्या कॉलेजातही एका छोट्या घटकाला स्वतःची माणसे, स्वतःची पद्धत आणि लांब मुदत यांचा ताबा दिला तर तो घटक आपला कारभार आपण करतो. इतिहास किंवा रसायनशास्त्र विभागाला असा ताबा का देता येऊ नये, याचे उत्तर 'कॉलेज मोठे आहे' एवढेच असू शकत नाही.

तिसरा आक्षेप प्राध्यापकच घेतात, आणि तो बहुधा कुजबुजत घेतला जातो : आम्हाला हे नकोच आहे. आम्ही शिकवायला आलो, बैठकांना नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड. १९६०नंतर नेपरव्हिल बदलले, बेल लॅब्जसारखी संशोधन केंद्रे आली, त्यांच्या मागोमाग भारतातून आलेली शिक्षित कुटुंबे आली, आणि आज लाखभराहून कितीतरी अधिक वस्तीच्या या शहरात कॉलेज हा एक मोठा मालक आहे. अशा ठिकाणी करिअर करणाऱ्या तरुण प्राध्यापकाला समिती टाळण्याचा हिशेब बरोबर वाटतो, कारण बढतीच्या कोष्टकात समितीला फारशी किंमत नाही. पण टाळलेले काम नाहीसे होत नाही. ते डीनच्या सहायकांकडे, सल्लागार कंपन्यांकडे, नव्या पदांकडे जाते. काही वर्षांनी तोच प्राध्यापक विचारतो की विषय बंद करण्याचा निर्णय आपल्याला विचारल्याशिवाय कसा झाला. हेच पाहून पुण्यातल्या वाचकाला आजीव सभासद पद्धतीची कठोर अट थोडी समजू शकेल. वीस वर्षे आणि पंच्याहत्तर रुपये ही त्यागाची अट म्हणून गाजली. प्रत्यक्षात कारभार टाळण्याची सोयच तिने ठेवली नव्हती, आणि टिळकांनी भांडण उकरून काढले तेही याच सोयीवर बोट ठेवून.

१ जून २०१७ पासून शायमरचे अध्यापक नॉर्थ सेंट्रलचे अध्यापक झाले आणि शायमर ग्रेट बुक्स स्कूल या नावाने त्यांचा अभ्यासक्रम नेपरव्हिलमध्ये चालू राहिला. ज्या कॉलेजला एका पंथाने जन्म दिला, ज्याच्या शेजारचे धर्मशास्त्राचे सेमिनरी १९७४ मध्ये डेटनला निघून गेले, त्याने दुसऱ्या एका बेघर संस्थेला आसरा देणे यात इतिहासाची एक सुसंगती आहे, कारण हे कॉलेजही नेपरव्हिलला स्थलांतरित म्हणूनच आले होते. अष्टकोनी टेबलाची पद्धत आली, ग्रंथ आले. असेंब्लीला मात्र इथे जागा नव्हती. स्वतंत्र संस्थेचा कारभार चालवणारी सभा दुसऱ्या संस्थेच्या पोटात चालू शकत नाही, आणि नॉर्थ सेंट्रलने ती मागितलीही नव्हती. शायमरच्या शिक्षकांना आता वर्गाची संख्या, नेमणुका आणि बजेट यांविषयी प्रोव्होस्टच्या कार्यालयाशी बोलावे लागते, इतर विभागांच्या चेअरसारखेच. फॅकल्टीच्या सभेत त्यांची मते मोजकी आहेत. त्यांच्या हाती आलेले एक साधन मात्र कॉलेजातल्या इतर विभागांकडे नाही : चाळीस वर्षांचा कारभार करून पाहिल्याची आठवण, आणि समितीतल्या कामाला काम म्हणण्याची सवय. ती सवय शेजारच्या विभागांना लागते की ती सवयच फॅकल्टीच्या नियमावलीत विरघळते, हे बढतीच्या कोष्टकातल्या तिसऱ्या रकान्याला पुढच्या नियमावलीत किती वजन मिळते त्यावरून ठरेल.